मार्सेयचा न्यायाधीश आणि म्हापशाचा पंच

'ला फ्रेंच' हा २०१४चा फ्रेंच सिनेमा पाहिला नसेल तर जरूर पाहा. सत्तरच्या दशकातलं मार्सेय बंदर, तिथून अमेरिकेला जाणारं हेरॉइन आणि त्या धंद्याच्या मागे हात धुऊन लागलेला पिएर मिशेल हा न्यायाधीश. माणूस खरा, गोष्टही खरी. २१ ऑक्टोबर १९८१ला तो दुपारी जेवायला घरी निघाला होता, तेव्हा मोटरसायकलवरून आलेल्या दोघांनी भर रस्त्यात त्याला गोळ्या घातल्या. तेव्हा तो ३८ वर्षांचा होता.

सिनेमा पाहून झाल्यावर आमच्या मित्रमंडळींत एकच सूर निघाला: "आमकां असोच एक जज जाय." (आपल्याला असाच एक जज हवा.) त्यांची तळमळ मला समजते. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या हणजूण, वागातोर, मोरजी, हरमल या गावांत, ड्रग्जचा धंदा बघत वाढलेल्या माणसाला असं वाटणं साहजिकच आहे. पण मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते जरा सविस्तर लिहितो.

मिशेल हा आपल्याकडच्यासारखा खटला ऐकून निकाल देणारा न्यायाधीश नव्हता. फ्रान्समध्ये तपास न्यायाधीश नावाचं पद आहे, थेट नेपोलियनच्या कायद्यापासून चालत आलेलं. पोलिसांना तपासाची दिशा तोच देतो, झडतीचे आणि फोन ऐकण्याचे हुकूम तोच काढतो, संशयितांची चौकशीही तोच करतो. मिशेलच्या काळात तर संशयिताला कोठडीत ठेवायचं की सोडायचं हेसुद्धा त्याच्याच हातात होतं. ते अधिकार वेगळ्या न्यायाधीशाकडे गेले ते थेट २००० सालच्या कायद्याने. सिनेमात झां द्युजार्दां हा मिशेल फार ताकदीने उभा करतो. हातात एवढी सत्ता आल्यावर माणूस हळूहळू कसा झपाटत जातो, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसतं. समोरचा टोळीप्रमुख झांपाही कुटुंबवत्सल माणूस म्हणून येतो, खलनायकी हातवारे न करता. (दोघांच्या बायकांना मात्र वाट पाहण्यापलीकडे फारसं काम दिलेलं नाही, हे खटकतंच.)

आता मुद्दा. अख्खा तपास एका माणसाच्या डोक्यात आणि एका टेबलावरच्या फायलींत असेल, तर टोळ्यांचं काम सोपं होतं. तेवढा एक माणूस संपवला की झालं. त्याआधी १९७५मध्ये लियाँ शहरात फ्रांस्वा रनो या तपास न्यायाधीशाचाही असाच खून झाला होता. मिशेलच्या खुनाचा कट झांपाने रचलेलाच नव्हता. हेरॉइनच्या कारखान्यांवर मिशेलने घाव घातला होता, त्या धंद्यातल्या दुसऱ्या लोकांनी तो रचला होता. ज्याच्यावर सगळ्यांचा संशय होता त्या झांपाचा शेवट १९८४ साली, तुरुंगात गळफास घेतल्यामुळे झाला.

आपल्याकडे न्यायाधीशाला हात लावायची गरजच पडत नाही. खटला त्याच्याआधीच, पंचनाम्यापाशी मरतो.

अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा १४ नोव्हेंबर १९८५ला लागू झाला. मिशेल तिकडे लढत होता त्या वर्षांत आपल्याकडे १९३०चा जुना कायदा होता आणि पहिल्या गुन्ह्याला जास्तीत जास्त शिक्षा ३ वर्षं. नवा कायदा एकदम कडक झाला. आजच्या घडीला चरस १ किलोपेक्षा किंवा हेरॉइन २५० ग्रॅमपेक्षा जास्त सापडलं की किमान १० वर्षं, आणि जामीन जवळजवळ अशक्य. शिक्षा एवढी मोठी, म्हणून न्यायालयंही प्रत्येक पायरी तपासून बघतात, आणि तसंच बघायला हवं. मिळालेली खबर आधी लेखी नोंदवली होती का? अंगझडतीआधी आरोपीला सांगितलं होतं का, की राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर झडती करवून घेण्याचा तुला हक्क आहे? सील कोणाच्या ताब्यात होतं? मालाचे नमुने दंडाधिकाऱ्यासमोर काढले का? मार्सेयचा न्यायाधीश अख्खी टोळी हुडकत फिरतो. आपल्या कायद्यात तपास पोलिसांचा, आणि दंडाधिकारी बराचसा वजनकाट्याशेजारी उभा असतो.

आणि पंच, म्हणजे झडतीच्या वेळी पोलिसांनी साक्षीदार म्हणून बोलावलेला माणूस. मला सगळ्यात जास्त वाटतं ते या माणसाबद्दल. रात्री अकराला दुकान बंद करत असताना पोलीस येतात आणि म्हणतात, चला, सही करायचीय. कायद्याला त्याच भागातला स्वतंत्र, प्रतिष्ठित माणूस हवा असतो. म्हणजे आरोपी ज्याला ओळखतो, ज्याचं घर कुठे आहे हे आरोपीच्या माणसांना ठाऊक आहे, असाच माणूस. खटला उभा राहतो काही वर्षांनी. तोवर याच माणसाला त्याच गावात राहायचं असतं, खोल्या भाड्याने द्यायच्या असतात, मुलीचं लग्न करायचं असतं. उलटतपासणीत तो "आठवत नाही" म्हणतो आणि आपण त्याला फितूर म्हणून मोकळे होतो. १ जुलै २०२४पासून झडतीचं चित्रीकरण बंधनकारक झालं हे चांगलंच झालं, पण चित्रीकरणाने त्याचं घर राखलं जात नाही.

गोव्यावरचे असले सिनेमे आठवून बघा. किनारा, परदेशी बाई, कर्कश संगीत, बाहेरून आलेला पोलीस. गावचा माणूस दिसतो तो शहाळं विकताना. आम्ही इथे राहतो हे पडद्याला माहीतच नाही. म्हणून मला मार्सेयची नक्कल नको. मला ऐंशीच्या दशकाच्या शेवटाचा बार्देश, म्हणजे म्हापशाचा तालुका, हवा आहे: नवा कायदा, गोवा नुकतंच राज्य झालेलं, गावात पैसा यायला लागलेला, आणि मध्यभागी हा पंच. त्याचा थरार पिस्तुलापेक्षा कमी नाही. समन्स घरी आल्यापासून साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहीपर्यंतचे दिवस, बाजारात कोण नमस्कार करतो आणि कोण करेनासा होतो, भावोजी कोणाचा निरोप घेऊन येतात. एवढ्यावर दोन तास सहज जातील.

लिहिणाऱ्यांपैकी कोणी हे मनावर घेणार असेल, तर म्हापशाच्या न्यायालयात जुनी वकीलमंडळी आहेत, त्यांच्याकडे जाऊन बसा. जुनी निकालपत्रं मिळवा आणि त्यात पंचाच्या साक्षीचा भाग आधी वाचा.