युनायटेड लहरी नाही : देवगडच्या एका वाचकाला उत्तर

नमस्कार,

इंग्लंडमधल्या मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबच्या २०२४-२५ च्या हंगामावरचा माझा लेख तुम्हाला अजिबात पटला नाही, हे तुमच्या लांबलचक प्रतिक्रियेवरून कळलं. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. तुमचं म्हणणं असं, की नवे कोच रुबेन अमोरिम नोव्हेंबर २०२४ मध्ये आले, अजून वर्षही झालं नाही आणि मी त्यांना घालवायला निघालोय. युनायटेडचे जुने कोच फर्ग्युसन यांना दिला तसा वेळ यांनाही द्यायला हवा. दोष लहरी खेळाडूंचा आहे, कोचचा नाही. आणि वेंगुर्ल्यात बसून ओल्ड ट्रॅफर्डवर (युनायटेडचं मैदान) अक्कल पाजळण्यापेक्षा मी एफसी गोवाच्या मॅचला जावं. शेवटी मालवणीत विचारलंत, "मेल्या, कलम लावलंस म्हणान दुसऱ्याच वर्षाक आंबे मागतंस काय?"

कलमाकडे येतोच. आधी त्या 'लहरी'चं बघू, कारण खरा मतभेद तिथेच आहे.

सगळे म्हणतात, तुम्हीही म्हणता, की ही टीम लहरी आहे. १५ डिसेंबरला मँचेस्टर सिटीला त्यांच्याच मैदानावर शेवटच्या दोन-तीन मिनिटांत २-१ हरवते आणि २२ डिसेंबरला घरच्या मैदानावर बोर्नमथकडून ०-३ मार खाते. जानेवारीत अ‍ॅनफिल्डवर, म्हणजे लिव्हरपूलच्या मैदानावर, २-२ बरोबरी. पुढच्या आठवड्यात एफए कपमध्ये आर्सेनलकडे जाऊन दहा जणांनिशी तग धरते, पेनल्टीवर जिंकते. आणि लगेच घरी ब्रायटनकडून १-३. वरवर पाहिलं तर वेड्यांचा बाजार. पण ओल्ड ट्रॅफर्डवर लीगचे नऊ सामने जिंकून गेलं कोण, ते बघा. लिव्हरपूल आणि टॉटनहॅम, हे दोन आधीचे कोच टेन हाग यांच्या काळातले. मग अमोरिम आल्यावर फॉरेस्ट, बोर्नमथ, न्यूकॅसल, ब्रायटन, पॅलेस, वुल्व्ह्ज, वेस्ट हॅम. या सातांत न्यूकॅसल सोडलं तर श्रीमंत म्हणावा असा क्लब नाही. उलट घरी आर्सेनलशी १-१ आणि सिटीशी ०-०.

मला यात लहर दिसत नाही, नियम दिसतो. समोरच्याला चेंडू हवा असेल, तो पुढे चढून येणार असेल, तर आपण बरे. मागे जागा सुटते, ब्रुनो एक पास काढतो, अमाद पळतो, काम होतं. पण समोरच्याने चेंडू आपल्या हातात दिला आणि "आता काय करता ते करा" म्हणून मागे बसला, की आपलं इंजिन बंद. मोठ्या टीमना चेंडू हवा असतो, म्हणून त्यांच्यापुढे आपण दिसायला तरी छान. बाकीच्यांना हे गुपित नोव्हेंबरातच कळलं होतं. टीम रोज वेगळी वागत नाहीये, ती दर वेळी तशीच वागतेय. वेगळं वागतात ते समोरचे.

आणि चेंडू हातात असताना करायचं काय, हे शिकवणं कोणाचं काम? खेळाडूच्या मनःस्थितीचा हा प्रश्न नव्हे. सोमवार ते शुक्रवार सरावात घडणारी ही गोष्ट आहे.

थोडं पद्धतीबद्दल, कारण मी "अमोरिमची फॉर्मेशन फालतू" असं म्हटल्याचं तुम्ही लिहिलंत. मी तसं लिहिलेलं नाही. मागे तीन सेंटर-बॅक (बचावपटू), मध्ये दोघे, कडेने वर-खाली पळणारे दोन विंग-बॅक, पुढे दोन नंबर दहा (स्ट्रायकरच्या मागचे आक्रमक खेळाडू) आणि टोकाला गोल मारणारा एक स्ट्रायकर. याच रचनेवर त्यांनी पोर्तुगालच्या स्पोर्टिंगला २०२१ मध्ये एकोणीस वर्षांनी लीग जिंकून दिली, २०२४ मध्ये परत दिली. रचना चांगलीच आहे. पण तिचा सगळा भार विंग-बॅकवर. तो आपल्या माणसाला चकवून आत चेंडू टाकू शकला तरच पुढचे तिघे कामाचे. आपल्याकडे डावीकडे कित्येक सामने उजव्या पायाचा डालो. तो पळत रेषेपर्यंत जातो, थांबतो, चेंडू उजव्या पायावर घेतो, तोवर समोरचे आठ जण बॉक्समध्ये उभे, मग मागे पास. फेब्रुवारीच्या सुरुवातीला डोर्गू आला, तोही अजून कच्चा पोरगा. मध्ये समोरचे तिघे तर आपले दोघे, आणि त्या दोघांत बरेचदा ब्रुनो, ज्याची सगळी कमाई गोलच्या जवळ आहे. स्ट्रायकर होयलुंडचे लीगमध्ये ४ गोल, झिर्कझीचे ३. त्या पोरांना शिव्या घालण्याआधी त्यांच्यापर्यंत चेंडू किती वेळा पोचला ते मोजायला हवं.

फेब्रुवारीत पॅलेसविरुद्ध घरी मधल्या फळीतल्या मेनूला स्ट्रायकरच्या जागी उभं केलं होतं, आठवतं? ०-२ हरलो. गंमत अशी, की पॅलेसची रचना जवळपास हीच. तीच तीन सेंटर-बॅकची, तेच विंग-बॅक, पुढे तसेच दोघे. त्यांचे कोच ग्लासनर तिथे फेब्रुवारी २०२४ मध्ये, म्हणजे अमोरिमसारखेच हंगामाच्या मध्यात आले. आणि १७ मे २०२५ ला पॅलेसने सिटीला १-० हरवून एफए कप नेला, त्या क्लबच्या इतिहासातली पहिली मोठी ट्रॉफी. गोल एझेचा, पण चेंडू टाकला तो उजव्या विंग-बॅकने, मुन्योसने. म्हणजे पद्धत तीच, हंगामाचा मध्यही तोच, फक्त तिथे पद्धतीला लागतात ती माणसं होती. आमच्याकडे पद्धत आधी आली आणि माणसं नंतर कधीतरी येणार आहेत. मधल्या काळात कोचने चार पावलं मागे येऊन हातात आहेत त्या खेळाडूंना जमेल तसं खेळवायला हवं होतं, एवढंच माझं म्हणणं. ते त्यांनी जाहीरपणे नाकारलं. वर ब्रायटनच्या पराभवानंतर, क्लबच्या इतिहासातली ही कदाचित सर्वांत वाईट टीम असेल, असं पत्रकारांपुढे बोलून बसले. खोटं नसेलही ते. पण दुसऱ्या दिवशी सरावाला हीच पोरं येणार होती.

आता वेळ. फर्ग्युसनचं उदाहरण दिल्याशिवाय आपल्यात कोणाचं जेवण पचत नाही, तेव्हा तेही पुरतं बघू. ते नोव्हेंबर १९८६ मध्ये आले. हंगामाअखेर ११वे, मग २रे, मग पुन्हा ११वे, १९९० मध्ये १३वे, आणि त्याच वर्षी एफए कप. लीग यायला १९९३ उजाडलं. इथवर तुमचं बरोबर. पण त्या वर्षांत बोर्डाला दिसत काय होतं? दारूत बुडालेल्या ड्रेसिंग रूमला वळण लावणं चालू होतं. मॅकग्रा आणि व्हाइटसाइड हे लोकांचे लाडके खेळाडू १९८९ मध्ये विकून टाकायची हिंमत दिसत होती. पोरं शोधणारी माणसं वाढवली होती. पुढे स्टार झालेला गिग्ज चौदाचा झाला त्या दिवशी फर्ग्युसन स्वतः त्याच्या घरी जाऊन थडकले होते. निकाल नव्हते, काम डोळ्यांना दिसत होतं.

आता तुमचं कलम. दुसऱ्या वर्षी आंबे कोणीच मागत नाही. उलट जाणता बागायतदार पहिली काही वर्षं आलेला मोहोर स्वतःच्या हाताने खुडून टाकतो, देवगडच्या माणसाला हे मी सांगायला नको. पण नवी पालवी आली का, हे तो बघतो की नाही? आणि जोडाखाली खुंटाचीच फूट जोर धरतेय असं दिसलं तर "वेळ द्या" म्हणून घरी जाऊन झोपतो का? मी आंबे मागितलेले नाहीत. अमोरिम यांच्या लीगमधल्या २७ सामन्यांत ७ विजय, ६ बरोबरी, १४ पराभव, २७ गुण झाले, तेही चाललं असतं. मी पालवी शोधतोय. अमाद सोडला तर सापडत नाही, आणि तोही ऐन बहरात घोटा दुखावून बाहेर बसला.

शिवाय "युनायटेड कोचना वेळच देत नाही" हे आपण इतक्यांदा बोललो की खरं वाटायला लागलंय. मोयेसना नाही दिला, मान्य. व्हान हालना दोन हंगाम, मोरिन्योंना अडीच, सोल्शारना जवळपास तीन वर्षं. टेन हाग यांना दोन वर्षांच्या वर, त्यांनी मागितलेले खेळाडू, आणि जुलै २०२४ मध्ये वाढीव करारसुद्धा. त्याच टेन हाग यांना ऑक्टोबरात काढलं. त्यांची भरपाई आणि पाच महिन्यांत गेलेल्या स्पोर्टिंग डायरेक्टरची भरपाई मिळून १ कोटी ४५ लाख पौंड गेले. वेळ दिला जातो, पण काय बघायचं हे न ठरवता दिला जातो. अमोरिम यांना हंगाम संपल्यावर यायचं होतं, त्यांनी तसं सांगितलंही होतं. क्लब म्हणाला, आत्ता नाहीतर कधीच नाही. तेव्हा सगळं खापर त्या माणसावर फोडायचं नाही, हे माझ्या लेखातही होतं. तुमचा राग तिथपर्यंत पोचायच्या आधीच चढला असावा.

खेळाडू कुजके आहेत म्हणता? मॅकटॉमिने आपल्याकडे अधूनमधून बाकावर बसायचा. नापोलीला गेला, २३ मे रोजी तिथे लीग जिंकला, वर इटलीच्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अँटनी स्पेनच्या बेटिसला उधार गेला आणि युरोपातली एक फायनल खेळून आला. एलांगाने फॉरेस्टकडून एप्रिलमध्ये आपल्याविरुद्धच सगळं मैदान पळून गोल मारला, १-०. इथे कुजलेली माणसं दारातून बाहेर पडताच ताजी होतात, तर मग वास कशाचा येतोय?

बिल्बाओतल्या युरोपा लीगच्या फायनलबद्दल तुम्ही "नशीब" लिहिलंत. टॉटनहॅम ४२व्या मिनिटाला पुढे गेलं आणि मग मागे बसलं. जवळजवळ तीन चतुर्थांश वेळ चेंडू आपल्याकडे. त्यातून निघालं काय? शेवटी हॅरी मॅग्वायरला पुढे पाठवलं. त्याच स्पर्धेत लिऑनविरुद्ध एप्रिलमध्येही तेच केलं होतं, ते चाललं, ५-४ झालं, इथे पहाटेचे तीन वाजून गेले होते आणि मी ओरडलो म्हणून शेजारच्यांनी दिवा लावला. ती रात्र आयुष्यभर सांगेन. पण हंगामातल्या दोन सर्वांत मोठ्या प्रसंगी शेवटचा उपाय म्हणून सेंटर-बॅकला स्ट्रायकर करावा लागतो, याला मी नशीब म्हणणार नाही. त्याच टॉटनहॅमकडून एका हंगामात चार वेळा हरलो. ते लीगमध्ये १७वे आले, आपण १५वे, ४२ गुणांनी.

राहता राहिलं एफसी गोवा. आरोंद्याचा पूल ओलांडला की गोवा, आणि फातोर्ड्याच्या स्टेडियमला मी जातो. तुम्हीच विषय काढलात म्हणून सांगतो. जानेवारी २०२० च्या अखेरीस, टीम टेबलच्या वरच्या टोकाला असताना, लोबेरांसारख्या लाडक्या कोचला त्यांनी काढलं. आम्ही सगळ्यांनी शंख केला. क्लिफर्ड मिरांडांनी उरलेले सामने सांभाळले, लीगमध्ये अव्वल येणाऱ्याची लीग विनर्स शील्ड आली, आणि एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. कोच काढला की क्लब बुडतोच, असं काही नसतं. ठेवला की तरतोच, असंही नसतं.

तरीही अमोरिम यांना आत्ता, २०२५-२६ चा हंगाम सुरू होण्याआधी, काढा असं मी म्हणत नाहीये, हे तिसऱ्यांदा लिहितोय. उन्हाळ्याची पूर्ण तयारी मिळतेय, डोक्यावर युरोपचे सामने नाहीत, म्हणजे आठवडाभर सराव. कुन्या आलाय, ज्याने बॉक्सिंग डेला (२६ डिसेंबर) वुल्व्ह्जकडून आपल्याला थेट कॉर्नरवरून गोल मारला होता. आता सबब उरलेली नाही.

२०२५-२६ चं वेळापत्रक आलंय. १७ ऑगस्टला घरी आर्सेनल. त्यात आपण बरे खेळू, कदाचित जिंकूही, आणि तुम्ही लगेच मला "आता बोल" म्हणून लिहाल. लिहू नका. ३० ऑगस्टला घरी बर्नली आहे. त्यांनी गेल्या हंगामात खालच्या लीगमध्ये ४६ सामन्यांत फक्त १६ गोल खाल्लेत. ते येऊन मागे बसणार आणि चेंडू आपल्याला देणार. ऐन गणपतीत, गौरी यायच्या आदल्या दिवशी, संध्याकाळी साडेसातला, नेमकी घरोघरी आरती चालू असताना. तेव्हा काय दिसतं ते बघू. आरती आटोपून वेंगुर्ल्याला येत असाल तर या, नाहीतर फोनवर तरी नक्की भांडू.