शब्दकोशात शिरायचं असेल तर

इंग्रजी शब्दकोशात नाव काढायचंय? मग लॅटिन-ग्रीकच्या भानगडीत पडू नका. 'डॉर्ड'ला गुरू करा. या शब्दाचा अर्थ घनता, तोही थेट भौतिक आणि रसायनशास्त्रातला. कूळ विचाराल तर एक चिठ्ठी.

पहिलं पथ्य, बरोबर कागद चुकीच्या गठ्ठ्यात पडू द्या. ३१ जुलै १९३१ ला वेबस्टर कोशाचे रसायनशास्त्राचे संपादक ऑस्टिन पॅटरसन यांनी चिठ्ठी दिली: 'डी ऑर डी'. म्हणजे घनतेसाठी मोठा डी लिहा किंवा छोटा, दोन्ही चालतं. चिठ्ठी जायची संक्षेपांत, गेली शब्दांत. तिथे शब्दाची अक्षरं सुटी सुटी टाइप करायची पद्धत. मधला गरीब 'ऑर' दोन्ही डींना चिकटला आणि बाळ जन्माला आलं.

बारसं इतरांनी केलं. कोणी 'नाम' म्हणून नोंद केली, कोणी 'लॉर्ड'शी यमक जुळेल असा उच्चार बसवला. हे नीट ध्यानात ठेवा: कागदावर आधीची एक सही असली की पुढचा माणूस दुसरी डोळे मिटून ठोकतो. (आपल्याकडे याला फाइल फिरणं म्हणतात.) फक्त व्युत्पत्तीवाल्याच्या टेबलावर कागद जाऊ देऊ नका. डॉर्डचा गेला नव्हता.

१९३४ साली सहा लाखांवर नोंदींच्या त्या जाडजूड ग्रंथात, एका बुटक्या कांगारूच्या जातीशेजारी डॉर्डसाहेब स्थानापन्न झाले. त्यापुढे करायचं काय? काही नाही. गप्प बसायचं. चार-पाच वर्षं कोणी हटकलं नाही. २८ फेब्रुवारी १९३९ ला एका संपादकाला दिसलं की याला व्युत्पत्तीच नाही, आणि जुन्या चिठ्ठ्या उपसल्या गेल्या.

घाबरू नका, हकालपट्टीनंतरही मान राहतो. कोशाचे पुढचे संपादक फिलिप गोव्ह यांनी १९५४ मध्ये डॉर्डवर अख्खा लेख लिहिला आणि हळहळून विचारलं, घनतेला डॉर्ड म्हटलं असतं तर बिघडलं काय असतं?

शिवाय जाताना भोक पाडून जाता येतं. डॉर्ड काढल्यावर छपाईच्या पानात जागा मोकळी राहिली. ती भरायला शेजारच्या 'डोरे भट्टी'ची (डोरे म्हणजे सोन्या-चांदीचा मिश्रधातू) व्याख्या ताणली. आधी होती 'डोरे धातू शुद्ध करण्याची भट्टी'. झाली 'जिच्यामध्ये डोरे धातू शुद्ध केला जातो अशी भट्टी'. धातू तोच, भट्टी तीच, ओळ मात्र भरली. शासकीय परिपत्रकं लिहिणाऱ्यांना ही युक्ती वेगळी शिकवायला नको.