प्रबंध संपादकाकडे देताना

पीएचडीचा प्रबंध संपादकाकडे द्यायचा तो जमा करण्याच्या मुदतीला आठ दिवस उरले की. आधी दिलात तर तो सावकाश वाचत बसेल, आणि वाचणारा माणूस प्रश्न विचारतो.

"नुसतं शुद्धलेखन बघायचंय" असं सांगून पानाचा दर पाडून घ्या. शेवटचं प्रकरण अजून टाइप होतंय आणि निष्कर्ष सरांकडे आहेत, हे दर ठरल्यावर सांगावं. फाइल श्रीलिपी या जुन्या फॉन्टात, मधली काही पानं युनिकोडमध्ये, आणि सगळ्याची पीडीएफ करून व्हॉट्सॲपवर. रूपांतर करताना जोडाक्षरं विसकटली, तर दोष अर्थातच त्याचा.

त्याची पहिली शंका ठरलेली: "शीर्षकात 'एक चिकित्सक अभ्यास' आहे, पण आत कादंबऱ्यांची कथानकंच सांगितलीत." डगमगू नका. "सरांनी ओके केलंय" म्हणा. सरांनी वाचलंय असं तुम्ही कुठे म्हणताय?

'कवी' दीर्घ करून तो 'कविसंमेलन' मात्र ऱ्हस्व ठेवेल. तिथे त्याला पकडा. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम दाखवायला लागला, तर तुमची पीएचडी झालीय का, एवढंच विचारा.

तळटिपांत 'तत्रैव', म्हणजे 'वरच्याच ग्रंथात', भरपूर हवं, त्यानं प्रबंध भारदस्त दिसतो. मधला परिच्छेद उचलून तुम्ही दुसऱ्या प्रकरणात टाकलात आणि 'तत्रैव' आता भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवतंय, हे त्याच्याशिवाय कुणाच्याही लक्षात येणार नाही. म्हणून त्याला तळटिपा दाखवूच नयेत.

आता खरं काम: टक्केवारी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, २०१८च्या नियमांनुसार दुसऱ्यांच्या लिखाणाशी १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. त्यापुढे ४०पर्यंत गेलं तर सहा महिन्यांत सुधारून द्यायचं, ६०पर्यंत गेलं तर वर्षभर थांबायचं, त्याहून वर गेलं की नोंदणीच रद्द. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर या मोजणीत धरत नाहीत. म्हणजे ज्याचं वाक्य त्याच्या नावावर टाकलं की बरंचसं संकट टळतं. पण संशोधन तुमचं, मग दुसऱ्यांची नावं कशाला मिरवायची? त्यापेक्षा संपादकाला सांगा, "शब्द तेवढे फिरवून द्या." 'स्त्रीची घुसमट'चा 'महिलेचा कोंडमारा' झाला की विचार तुमचा.

तो म्हणेल, भाषा सुधारेन, उचलेगिरी झाकणार नाही. पानामागे पाच रुपये वाढवून बघा. तरीही ऐकला नाही, तर माणूस धंद्याला नालायक आहे असं समजा आणि ते काम विद्यापीठाच्या फाटकासमोरच्या डीटीपीवाल्याकडे न्या. तो शब्दही फिरवतो आणि बाइंडिंगही करतो. चिकित्सेबद्दल तर चकार शब्द काढत नाही.

संपादकाचे उरलेले पैसे मौखिकी झाल्यावर. ऋणनिर्देशात आई-वडील, सर, सरांच्या सौभाग्यवती, ग्रंथालयाचे शिपाई इतकी मंडळी येतात की त्याच्यासाठी जागा उरत नाही, ते एक बरं.

त्याच्याकडून आलेली फाइल उघडून वाचायची नाही. 'ॲक्सेप्ट ऑल' दाबायचं आणि थेट छपाईला. समासातल्या त्याच्या टिपा, म्हणजे 'हे विधान कशाच्या आधारे?', 'मागच्या प्रकरणात याच्या उलट म्हटलंय', त्या बटणानं जात नाहीत. काळ्या रेक्झिनच्या आत सोनेरी नावाखाली त्याही छापल्या जातील आणि प्रबंधासोबत शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात, चढतील. पुढचा एखादा संशोधक त्याच तुमची मौलिक निरीक्षणं म्हणून उचलेल. श्रेय न देता.