झोपलंय, पाणी घालू नका

आमच्या घरात कुणालाही काहीही करायला सांगा, होतं. 'काही करू नका' म्हटलं की मात्र सगळं अडतं. आणि अडेनियम सांभाळायचं म्हणजे हिवाळाभर काही न करणं, एवढंच मुख्य काम.

हे झाड मूळचं सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं आणि अरबस्तानातलं. बुडाशी फुगलेलं गलेलठ्ठ खोड, त्यात पाण्याचा साठा. एप्रिलमध्ये पुण्याचं ऊन बाकीच्या कुंड्यांना माना टाकायला लावतं, तेव्हा याला जोर चढतो. गुलाबी फुलांनी नुसतं लगडतं. डिसेंबरात रात्रीचा पारा दहा-बारावर उतरला की पानं पिवळी पडून गळतात आणि खोडावर चार काटक्या तेवढ्या उरतात. या दिवसांत मुळं पाणी ओढत नाहीत. घातलेलं पाणी मातीत साचून मुळंच कुजतात. नर्सरीवाल्यानं मला सांगितलं, मी घरात सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी माती ओली.

"आई, याला पाणी घातलंत?"

"छे गं. तुळशीला घातलं. तांब्यात घोटभर उरलं, ते काय मोरीत ओतू?"

दुपारी तांदूळ धुतलेलं पाणी आलं. ते सासूबाईंच्या हिशेबात पाणी नव्हेच, ते पौष्टिक. अण्णा फिरून आले की बाटलीत उरलेलं पाणी बाटली धुवायच्या निमित्तानं तिथेच रिकामं करायचे. कामाच्या मावशींचं कारण तर सरळच होतं : "ताई, बघवत नाही हो त्याच्याकडे."

शेवटी मी कुंडीत पाटी खोचली – 'झोपलंय. पाणी घालू नका.' शेजारचे काका चष्मा वर करून ती वाचून गेले आणि म्हणाले, "झाड आणलंय की घरजावई?"

त्यात मुंबईच्या नणंदबाईंचा व्हिडिओ कॉल. त्यांचं अडेनियम ऐन जानेवारीत पानं मिरवत उभं. मुंबईला थंडी म्हणजे पंखा एकवर करण्यापुरती. झोप येईल एवढा गारवाच तिथे पडत नाही, हे मी सासूबाईंना समजावलं. "ती पाणी घालते," एवढंच त्या म्हणाल्या. लेकीच्या झाडापुढे माझं हवामानशास्त्र काय टिकणार!

मग रोज एकच प्रश्न : गेलं का? खोड अंगठ्यानं दाबून बघायचं. टणक लागलं तर जिवंत, पिचपिचीत लागलं तर सड. हे मी कळवळून सांगितलं खरं, पण त्यानंतर गॅलरीत येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याला दाबून जायला लागला. पेपर टाकणारा मुलगासुद्धा. अण्णांचा दाबण्यावर विश्वास बसेना, म्हणून त्यांनी नखानं साल खरवडली. आत हिरवं दिसलं, समाधान झालं. जेवताना मी सहज सांगितलं की याचा चीक विषारी असतो, आफ्रिकेत बाणांच्या टोकांना लावायचे. अण्णा भातावरून उठून साबणानं हात धुऊन आले. पाटीनं जे जमलं नव्हतं ते या बाणानं केलं. महिनाभर कुंडीकडे कुणी फिरकलं नाही.

मार्चमध्ये काटक्यांच्या टोकांना हिरवे कोंब दिसले. मी शेंडे छाटले. छाटले की फांद्या फुटतात आणि फुलं जास्त येतात. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. एप्रिलमध्ये फुलं आली तेव्हा मात्र त्याच येईल त्याला गॅलरीत नेऊन दाखवायच्या. श्रेय तांदळाच्या पाण्याचं.

पावसाळ्यात कुंडी आत, छपराखाली. जाड वाळू आणि विटांचा चुरा घातलेली माती, तळाची भोकं मोकळी. निभावलं.

सप्टेंबरअखेर आम्ही आठवडाभर कोकणात गेलो. आलो तो झाड बोडकं! एक पान नाही. थंडीला अजून दोन-अडीच महिने अवकाश. वाकून बघितलं, तर फांदीला करंगळीहून जाड, हिरवीगार अळी चिकटलेली. डोक्यामागे दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके, मागे शेपटीवजा शिंग. कण्हेरीवर येते तीच. कण्हेर आणि अडेनियम एकाच कुळातली, त्यामुळे बाणांना लावायचा तो चीक हिला पचतो.

"मावशी, तुम्ही रोज येत होतात ना? पानं जाताना दिसली नाहीत?"

"दिसली की. म्हटलं, यंदा लवकर झोपलं. तुम्हीच सांगितलंय, हात लावायचा नाही."

"आणि खाली काळ्या लेंड्या पडल्या असतील, त्या?"

"मिऱ्यांसारख्या? त्या रोज गोळा करून कुंडीत टाकल्या. खत." मावशी जरा थांबल्या. "पण पाणी नाही हं घातलं, ताई. एक थेंब नाही."