टाकीतली पाल

आमच्या गच्चीवरची टाकी भरली, ही बातमी सर्वांत आधी शेजारच्या काकांना कळते. पहाटे साडेपाचला मी पंप लावतो, 'पाचच मिनिटं' म्हणून आडवा होतो, आणि थोड्या वेळाने खिडकीतून हाक येते, "अहो, गंगा अवतरली!" त्यांच्या अंगणातली जास्वंद आमच्याच पाण्यावर पोसली गेली आहे, पण ते कधी बोलून दाखवत नाहीत.

टाकी भरली की वाजणारा भोंगा बाजारात तयार मिळतो. अडीचशे रुपयांना. बायकोने तो मोबाइलवर दाखवलाही. मी नुसता हसलो. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेल्या माणसाने भोंगा विकत आणायचा म्हणजे गवळ्याने पिशवीतलं दूध आणण्यासारखं आहे. डिप्लोमाला तीस वर्षं झाली आणि नंतरचा सगळा जन्म बँकेत व्हाउचरं तपासण्यात गेला, हा मुद्दा मी तेव्हा चर्चेला घेतला नाही.

"एक ट्रिपल फाइव्ह टाकला की झालं," मी म्हणालो.

ट्रिपल फाइव्ह म्हणजे ५५५ टायमर, ठरावीक वेगाने विजेचे ठोके देणारी चिप, अर्थात आयसी. आठ पायांचा हा काळा किडा हान्स कामेन्झिंड नावाच्या स्विस माणसाने १९७१ साली अमेरिकेत आखला, तोही नोकरी सोडून, कंत्राटावर. आत पाच-पाच केचे, म्हणजे पाच-पाच हजार ओहमचे, तीन रेझिस्टर (करंटला अडवणारे) आहेत म्हणून ५५५, असं आम्हाला सरांनी शिकवलं होतं. पुढे खुद्द कामेन्झिंडनेच सांगितलं की आकडा विक्रीविभागातल्या माणसाने असाच ठेवला होता. मला त्या उत्तराला दोन मार्क मिळाले होते. ते मी परत करायला तयार आहे.

तर, रविवार नको म्हणून शनिवारीच बुधवार पेठेत गेलो. दगडूशेठला लांबूनच हात जोडले आणि तपकीर गल्लीत शिरलो. काउंटरवरच्या पोराने विचारलं, "काका, काय पाहिजे?" काका! या गल्लीत मी पहिल्यांदा आलो तेव्हा याचे वडील शाळेत असतील. मी यादी वाचली: ५५५ एक, बीसी ५४७ ट्रान्झिस्टर एक, दहा के रेझिस्टर एक. "एक?" त्याने विचारलं. आजूबाजूच्या दोघा गिऱ्हाइकांनीही वळून पाहिलं. मग मी दहा-दहा घेतले. दहा ट्रान्झिस्टरांपेक्षा स्कूटरच्या पार्किंगला जास्त पैसे गेले.

माझी प्रयोगशाळा म्हणजे डायनिंग टेबलाचं खिडकीकडचं टोक. सामान श्रीखंडाच्या डब्यांत. (एकदा पाहुण्यांपुढे पुऱ्यांबरोबर डायोडचा डबा गेला होता, तेव्हापासून डब्यांवर कवटीचं चित्र आहे.) पहिला अडथळा रेझिस्टरचाच. आमच्या वेळी रेझिस्टर बदामी असत, अंगावर चार ठसठशीत पट्टे, आणि रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांचं 'बी बी रॉय ऑफ ग्रेट ब्रिटन' पुटपुटत कुणालाही ते वाचता येत. हल्लीचे निळे, पट्टे पाच, आणि दोन्ही टोकांना तपकिरी. एकीकडून वाचला तर तपकिरी-काळा-काळा-लाल-तपकिरी, म्हणजे दहा हजार ओहम. उलटीकडून वाचला तर तोच गडी एकशेवीस! चाळिशीचा चष्मा लावून, खिडकीशी जाऊन, रेझिस्टर नाकाशी धरून मी वाचत होतो. लेक म्हणाली, "बाबा, मल्टिमीटरने मोज ना." मोजायचं तर मलाही सुचलं असतं. पण मीटरमधली बॅटरी टीव्हीच्या रिमोटला लावली होती, तीही मीच.

ब्रेडबोर्डवर, म्हणजे सोल्डर न करता पार्ट खोचायच्या भोकांच्या पाटीवर, सगळं खोचून वाटीतल्या पाण्यात दोन वायरी बुडवल्या. पाण्यातून चिमूटभर करंट ट्रान्झिस्टरच्या मधल्या पायाला, बेसला, जातो, ट्रान्झिस्टर जागा होतो, तो ५५५ला जागं करतो आणि स्पीकर ओरडतो. कागदावर हे असं सरळ होतं. टेबलावर चिडीचूप. आयसी उलटा बसवला का पाहिलं. बॅटरी जिभेवर लावून पाहिली, चांगली झणझणली. दुपारचं जेवण त्या दिवशी सगळ्यांनी मांडीवर ताटं घेऊन केलं. चार वाजता शोध लागला की ब्रेडबोर्डच्या कडेची लाल रेघ बरोबर मध्यावर तुटलेली आहे, म्हणजे आतली पट्टीही तिथे तुटलेली. डावीकडे नऊ व्होल्ट, उजवीकडे ठणठणाट. तिथे बोटभर वायर खोचली, आणि स्पीकरमधून आवाज आला.

"चुक्‌चुक्‌चुक्‌चुक्‌."

पलीकडे आई मटार सोलत बसली होती. तिने शेंग खाली ठेवली, फरशीवर बोट आपटलं आणि म्हणाली, "कृष्ण, कृष्ण."

"आई, पाल नाहीये ती."

"मग काय आहे?"

हा प्रश्न मलाही होताच. मी वायर पाण्यातून काढली, पुन्हा घातली. चुक्‌चुक्‌चुक्‌. कृष्ण, कृष्ण. पाच-सहा वेळा असं झाल्यावर आईने वर छताकडे बघत बायकोला सांगितलं, "शुभ लक्षण नाही हो हे. त्याला म्हणावं, आज काही नवीन करू नकोस."

दोन रात्री मी गणित घालत होतो. ठोक्यांचा वेग ठरतो रेझिस्टर आणि वीज साठवणाऱ्या कपॅसिटरवर; कपॅसिटर मोठा तर वेग कमी. एक के, दहा के आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे सेकंदाला जवळजवळ सातशे कंपनं यायला हवीत, चांगली शिट्टी. माझी येत होती जेमतेम सात. बरोबर शंभरपट कमी. बँकेत शंभरपट फरक आला की माणूस शून्य शोधतो. मी कपॅसिटर शोधला. ०.१चा बारका पिवळा, ज्याच्यावर '१०४' एवढंच लिहिलेलं असतं, तो मी स्पीकरच्या वाटेत बसवला होता, आणि तिथला दहा मायक्रोफॅरड टायमरला. त्यामुळे सेकंदाला सात ठोके, आणि तेही घसा बसल्यासारखे. पालीची हुबेहूब नक्कल मी अजाणता केली होती.

अदलाबदल केली, शिट्टी वाजली, मग सोल्डरिंग. त्याबद्दल फार बोलत नाही. घरंगळणारी गन माणूस प्रतिक्षिप्त क्रियेने झेलतो, आणि ती नेमकी पुढच्या बाजूने हातात येते. टेबलाच्या ऑइलक्लॉथवर आता एक भोक आहे, त्यावर फुलदाणी असते.

भोंगा तीन आठवडे उत्तम वाजला. काका बेचैन दिसत होते. बाविसाव्या दिवशी पहाटे पुन्हा हाक आली, "अहो, गंगा!" गच्चीवर जाऊन पाहिलं तर टाकीतल्या दोन तांब्याच्या वायरींपैकी प्लसची वायर हिरवीगार होऊन कुरतडल्यासारखी झालेली. डीसी, म्हणजे एकाच दिशेचा करंट, पाण्यातून गेला की धनाग्र, म्हणजे प्लसचं टोक, झिजतं, हे मी दहावीला शिकलो होतो, आणि त्याचेही मार्क मिळाले होते.

स्टील बरंच टिकतं. घरात योग्य लांबीचं स्टील एकाच ठिकाणी होतं. बायकोच्या माहेरच्या सहा चमच्यांच्या सेटमधले आता चार उरले आहेत, हे तिला संकष्टीच्या दिवशी खिरीच्या वेळी कळलं. तिने काही विचारलं नाही. तिने फक्त छताकडे पाहिलं.

चमचे लावल्यावर पहिल्याच पहाटे भोंगा असा किंचाळला की काकांच्या घरातले दिवे लागले. मी विजयी मुद्रेने पंप बंद करून खाली आलो. आई अंथरुणावर उठून बसली होती.

"चाललं ना?" मी विचारलं.

"चाललं," ती म्हणाली. "पण ती पाल बरी होती रे. पहाटे देवाचं नाव तरी तोंडी आलं असतं."

दहा मायक्रोफॅरडचे नऊ कपॅसिटर श्रीखंडाच्या डब्यात पडूनच होते. मी सोल्डरिंग गनची पिन सॉकेटमध्ये खोचली आणि फुलदाणी बाजूला केली.