नाकाने कांदे सोलणारा भीम

काल जनावरांच्या दवाखान्यात आमच्या भीमने, म्हणजे कुत्र्याच्या पिल्लाने, एका परक्या मांजरीचं जेवण फस्त केलं. नुसतं खाल्लं असतं तर बिचाऱ्याला भूक लागली असेल म्हणून सोडून दिलं असतं. याने वाटी चाटली, चाटत चाटत ढकलत भिंतीपर्यंत नेली, तिथे पालथी केली आणि पालथी वाटीसुद्धा वरून चाटली. मांजरीचे मालक म्हणजे सत्तरीच्या आसपासचे एक काका. त्यांनी चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेतला. आधी वाटीकडे, मग भीमकडे, मग बराच वेळ माझ्याकडे बघितलं, आणि बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने विचारलं, "ताई, घरी खायला देता ना याला?"

तो 'ना' अजून माझ्या घशात अडकलेला आहे.

कारण गेले तीन आठवडे मी दुसरं काही केलेलंच नाही. भीम चार महिन्यांचा आहे. हे नाव ठेवलं की तसा जेवेल, असा आमचा भाबडा हिशेब. प्रत्यक्षात हा वाटीपाशी येतो, वास घेतो, चूक कोणाची ते कळावं म्हणून माझ्याकडे बघतो आणि जाऊन पायपुसणं चघळत बसतो. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते हेच. (कांदा कुत्र्यांना विषारी असतो. लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट हेही. तेव्हा तो सोलतो तेवढंच बरं.)

पहिली चूक माझीच. भीमबरोबर जे खाणं आलं होतं ते संपलं, आणि मी दुसऱ्या दिवसापासून नवं सुरू केलं. त्या रात्रीबद्दल लिहीत नाही. घरातल्या सगळ्या फरश्या पुसून निघाल्या एवढं सांगते. खाणं बदलायचं ते आठवडाभरात, पाव भाग नवं, मग निम्मं, मग पाऊण असं करत बदलायचं, हे मला पहाटे तीन वाजता कळलं. मग जुन्या खाण्याचं पाकीट पुन्हा आणलं आणि प्रमाण मोजून मिसळलं. भीमने अर्धा तास खपून जुने दाणे तेवढे खाल्ले. नवे दाणे एकेक करून तोंडात घेतले, ओले केले आणि वाटीबाहेर एका रांगेत मांडून ठेवले. निवडताना खडे बाजूला काढतात ना, तसे. एकोणीस होते. मी मोजले, कारण त्या वेळी मला दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

हे तयार खाणं ज्याने जगाच्या गळ्यात मारलं त्या माणसाची मला अधूनमधून आठवण येते. जेम्स स्प्रॅट त्याचं नाव, मूळचा अमेरिकन. १८६० च्या सुमारास तो लंडनमध्ये होता. बोटींवरची ती दगडासारखी कडक बिस्किटं बंदरावरची भटकी कुत्री कडाकडा फोडून खाताहेत हे त्याने बघितलं म्हणतात, आणि त्याच्या डोक्यात कुत्र्यांच्या बिस्किटांचा धंदा आला. गहू, बीट, भाज्या आणि मांस घालून केलेली बिस्किटं त्याने कोणाला विकली? भटक्या कुत्र्यांना नव्हे, शिकारी कुत्री बाळगणाऱ्या बड्या लोकांना. पुढे त्याच्याच कंपनीत कामाला असलेल्या चार्ल्स क्रफ्टने १८९१ मध्ये स्वतःच्या नावाचं कुत्र्यांचं प्रदर्शन सुरू केलं, ते आजही भरतं. म्हणजे बंदरावर फेकलेलं शिळं बिस्किट निमूट खाणारी जात ती हीच. मधल्या दीडशे वर्षांत यांना नखरे कोणी शिकवले? आम्हीच. दुसरं कोण आहे?

आता पाकिटांबद्दल. इथे मला खरोखर राग येतो, त्यामुळे विनोदाची अपेक्षा ठेवू नका.

पाकिटाच्या पुढच्या बाजूला लांडगा असतो. माझ्या घरात जो आहे तो व्हॅक्यूम क्लीनरला घाबरून पलंगाखाली जातो, पण पाकिटावर लांडगा. शेजारी 'प्रीमियम' असं सोनेरी अक्षरांत. या शब्दाला कायद्यात काही अर्थ नाही, माझ्या पायपुशालासुद्धा मी प्रीमियम म्हणू शकते. आतले दाणे लाल, हिरवे, पिवळे. कुत्र्याला लाल आणि हिरव्यातला फरक धड दिसत नाही. मग तो रंग कोणासाठी? माझ्यासाठी. पाकिटावरचं सगळंच माझ्यासाठी आहे. भीमचा त्यात संबंध एवढाच की शेवटी ते त्याने खायचं.

पाकीट उलटं केलं की घटकांची यादी. पहिलं नाव 'ताजं चिकन' वाचून माझा ऊर भरून आला होता. नंतर कळलं की ही यादी शिजवण्याआधीच्या वजनाच्या क्रमाने असते, आणि ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास नुसतं पाणीच असतं. ते उडालं की पहिला नंबर कुठल्या कुठे जातो. अमेरिकेतल्या नियमांत तर याहून गंमत आहे. 'चिकनसह' लिहायला ३ टक्के चिकन पुरतं, आणि 'चिकन फ्लेवर' लिहायचं तर चव लागण्यापुरतं असलं तरी भागतं. एका 'सह'मध्ये केवढा संसार मावतो बघा.

प्रथिनांचा हिशेब तर मुद्दाम फसवायला केल्यासारखा. कोरड्या खाण्याच्या पाकिटावर २६ टक्के, ओल्या खाण्याच्या डब्यावर ८ टक्के. मी डबा तुच्छतेने परत फळीवर ठेवला. रात्री बारा वाजता अंथरुणात उठून बसले, कारण डब्यात ७८ टक्के पाणी होतं. पाणी वजा करा. उरलेल्या २२ भागांत ८ भाग प्रथिनं, म्हणजे ३६ टक्के. कोरड्यात पाणी १० टक्के, तिथे हाच आकडा २९ वर थांबतो. वाढत्या पिल्लाला पाणी वगळून किमान साडेबावीस टक्के लागतात, मोठ्या कुत्र्याला १८. म्हणजे दोन्ही चालली असती. नवऱ्याला उठवून मी हे सांगितलं. तो म्हणाला, "शाळेत गणितात किती पडले होते तुला?" आणि झोपला.

आणि ज्यावरून खरा निवाडा करायचा, ते वाक्य कुठे असतं? मागच्या बाजूला, पाकिटाच्या घडीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. हे खाणं 'संपूर्ण आणि संतुलित' आहे का, आणि ते वाढीच्या वयासाठी आहे की फक्त मोठ्या कुत्र्यांसाठी. मोठ्या जातीचं पिल्लू असेल तर त्याच्यासाठी वेगळा उल्लेख लागतो, कारण त्यांना कॅल्शियम कमी पडून चालत नाही तसं जास्त होऊनही चालत नाही, हाडांची वाढ बिघडते. आमचा नवरा वरून कॅल्शियमची पावडर घालायला निघाला होता. "हाडं मजबूत होतील." सगळं संतुलित करून ठेवलेल्या खाण्यावर हा स्वतःचा चमचा उलटा करणार होता. एवढं महत्त्वाचं वाक्य घडीत, आणि लांडगा वितभर. कोणाला विचारायचं याचा जाब?

तर काल. भीमने सलग दोन वेळा वाटीला तोंड लावलं नाही, म्हणून त्याला घेऊन दवाखान्यात गेलो. शेजारच्या बाकावर काका. त्यांच्या पायाशी जाळीची टोपली, टोपलीत एक मांजर. मांजर कसली, टोपलीच्या आकाराचं ओतीव काम होतं ते. चारही बाजूंनी जाळीतून फर बाहेर आलेलं. टोपलीपुढे उघडी वाटी. त्यानंतर काय झालं ते वर सांगितलंच आहे.

मी भीमला उचललं आणि माफी मागितली. काकांनी वाटी उचलली, उजेडाकडे धरून आत बघितलं. एक कण नव्हता.

"काका, मी दुसरं आणून देते. कुठलं आहे?"

"आणून काय उपयोग? ही वाटी पुरावा होती."

"पुरावा?"

"हिचं वजन वाढलं म्हणून डॉक्टरांनी हे कमी चरबीचं, चोथ्याचं खाणं लावलंय. ही अर्धं टाकते. मी सांगतो तर त्यांना पटत नाही. म्हणून आज हिने सकाळी टाकलेलं तसंच्या तसं उचलून आणलं होतं. म्हटलं, घ्या, बघा डोळ्यांनी, आणि जुनं सुरू करून द्या." त्यांनी पुन्हा वाटीत बघितलं. "आता काय दाखवू?"

म्हणजे पाच तऱ्हेच्या खाण्यांना नाक मुरडणाऱ्या माझ्या पिल्लाने जे चाटूनपुसून खाल्लं, ते एका मांजरीने टाकलेलं, उष्टं, वजन कमी करायचं खाणं होतं. माझा चेहरा काय झाला असेल तो असो. काका मात्र आता मोकळे झाले होते.

"चवीला वाईट नाहीये हो ते," ते म्हणाले.

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं.

"मी खातो ना. तिच्यासमोर बसून खातो. माणूस खातो म्हटल्यावर तिला विश्वास वाटेल, असा माझा अंदाज होता."

"मग वाटला?"

"छे. बघत बसते. माझं दोन किलो उतरलं." त्यांनी खिशातून एक छोटी डबी काढली, औषधाच्या गोळ्या ठेवतात तशी. झाकण उघडून माझ्यापुढे धरली. आत तपकिरी दाणे. "घ्या. बघा तरी. तुमच्या मुलाने वाटीभर खाल्लं, तुम्हाला एक दाणा खायला काय हरकत आहे?"

आता इथे शहाण्या बाईने नको म्हणायचं असतं. पण तीन आठवडे माझी रात्रीची झोप या दाण्यांनी खाल्ली होती. कुत्र्याच्या जिभेवर रुचिकलिका आपल्या पाचपट-सहापट कमी असतात, त्याचा सगळा कारभार नाकावर चालतो, हे मी वाचलेलं होतं. तरी त्या क्षणी मला मनापासून वाटलं की या चवीत काहीतरी गुपित आहे आणि ते मला कळलंच पाहिजे. मी एक दाणा उचलला. आधी काही कळत नाही. मग पुठ्ठा. मग त्या पुठ्ठ्यातून कधीकाळी मासे नेले असावेत अशी शंका. मग दाताला चिकटलेला भुगा, जो जिभेने काही केल्या निघत नाही.

"हं?" काका उत्सुकतेने म्हणाले.

तेवढ्यात आतून आवाज आला, "भीमची आई कोण?"

मी तोंड मिटून हात वर केला.

डॉक्टरांनी भीमला काट्यावर ठेवलं. मागच्या वेळेपेक्षा दीड किलो जास्त. बरगड्यांवरून हात फिरवला, हाताला लागताहेत म्हणाले, वरून कंबर दिसते म्हणाले, अंगकाठीला नऊपैकी पाच, म्हणजे ना बारीक ना जाड, अगदी हवा तसा. जबडा उघडून दाखवला. पुढचे दोन दुधाचे दात पडले होते, हिरड्या लाल. "हा उपाशी वाटतोय तुम्हाला? मध्ये मध्ये कोण भरवतं?"

"कोणी नाही," मी म्हणाले. भुगा अजून दाताला होता. नवरा भिंतीवरचं जंतांचं चित्र एकदम लक्ष देऊन वाचायला लागला. तिथल्या तिथे उलगडा झाला. शिकवणीची बिस्किटं हा देत होता, 'बस' म्हटलं की एक आणि न बसला तरी एक. सासूबाई हाताने उकडलेलं चिकन भरवत होत्या, मी आंघोळीला गेले की. आणि जेवण टाकलं की वाटीत काहीतरी चमचमीत घालणारी मी. दिवसभराच्या खाण्यात अशा वरखाऊचा वाटा दहा टक्क्यांच्या आत हवा. आमच्याकडे बहुधा जेवणच दहा टक्क्यांच्या आत होतं. जेवण टाकलं की याहून बरं येतं, हे भीमला तिसऱ्या दिवशी कळलं होतं. मला कळायला दीड किलो लागलं.

"एकच खाणं ठेवा. दाणे कोमट पाण्यात भिजवा, वास सुटतो आणि दातांना त्रास होत नाही. पंधरा-वीस मिनिटं ठेवायचं, नाही खाल्लं तर उचलायचं, पुढच्या वेळेपर्यंत काही नाही. मलूल झाला, उलट्या-जुलाब झाले, दिवसभर काहीच खाल्लं नाही, तर मात्र थांबू नका, घेऊन या."

"कुठलं ठेवू?" माझ्याकडे पाच पाकिटांचे फोटो होते, तुलनेचा तक्ता होता, पाणी वजा करून.

त्यांनी तक्ता बघितलासुद्धा नाही. एका फोटोतल्या घडीतलं वाक्य मोठं करून वाचलं. "हे चालेल." ते पहिलंच होतं. त्याच्याबरोबर आलेलं.

बाहेर आलो. आमच्यानंतर काकांचा नंबर. दार नीट लागलं नव्हतं. मी भीमचा पट्टा अडकवत होते, आणि आतून डॉक्टरांचा आनंदाने भरलेला आवाज आला, "अरे वा! संपवलं की सगळं! मग तक्रार काय आहे?"

"हिने नाही हो, बाहेर एक कुत्रं..."

"काका, प्रत्येक जण मला कोणीतरी दुसऱ्याने खाल्लं असंच सांगतो. चालू ठेवा हेच."

नवरा माझ्याकडे बघायला लागला. आत जाऊन सांगायला हवं होतं, हे मला कळत होतं. आठ पावलांवर दार होतं. पण मला तो 'ना' आठवला. मी भीमला उचललं आणि सरळ बाहेर पडले.