‘पूल खासगीकडे द्या, कटकट मिटली’ : जरा तपासून बघू

पंचगंगेला पाणी चढलं की कोल्हापूरच्या ग्रुपवर एक मजकूर फिरतो : ‘मोठे पूल खासगी भागीदारीत द्या. सरकारचा पैसा वाचतो, तीस वर्षं देखभाल कंपनीच्या गळ्यात, आणि पूल पडला तर कंपनी भरेल.’

‘पैसा वाचतो.’ राष्ट्रीय महामार्गांच्या ‘हायब्रीड ॲन्युइटी’ नावाच्या भागीदारी करारात ४० टक्के रक्कम सरकार बांधकाम चालू असतानाच देतं, उरलेली पुढच्या १५ वर्षांत हप्त्याहप्त्यानं, व्याजासकट. टोलवर बांधला तर तेच पैसे गाडीवाल्याच्या खिशातून. शहरातल्या ४९.९९ किलोमीटर रस्त्यांचा टोल आंदोलनानं बंद पडल्यावर भरपाई शेवटी कुणाच्या तिजोरीवर आली, ते कोल्हापूरकरांना सांगायला नको.

‘देखभाल कंपनीच्या गळ्यात.’ करारात लिहिलीय तेवढीच. पूल १०० वर्षांच्या हिशेबानं आखतात, करार मात्र १५ ते ३० वर्षांचा. एक्स्पान्शन जॉइंट (दोन गाळ्यांमधली हलती फट झाकणारा सांधा) आणि बेअरिंग (गर्डर, म्हणजे पुलाची तुळई, जिच्यावर टेकते ती गादी) शंभर वर्षांच्या कितीतरी आधी झिजतात. करार संपत आला की हा खर्च कुणालाच नको असतो. मग फाटक्या जॉइंटातून पाणी पियर कॅपवर (पियर म्हणजे खांब, त्याच्या माथ्यावर) गळतं, कचरा साचून बेअरिंग ओलं राहतं, आतली सळई गंजते. वरून मात्र डांबराचा नवा थर, पूल चकाचक! जुना थर न खरवडता ५० मिलिमीटर डांबर चढवलं, तर चौरस मीटरमागं सुमारे ११५ किलो वजन वाढतं. असं दोन-तीनदा झालं की गर्डरवर कायमचा बोजा.

बेअरिंग बदलायला गर्डर जॅकनं थोडा उचलावा लागतो. जॅक ठेवायची जागा पियर कॅपवर मुळातच सोडलेली नसेल, तर साधं काम किचकट आणि महाग होतं. म्हणून ही जागा नकाशातच हवी. ताबा परत घेण्याच्या दोन वर्षं आधी संयुक्त तपासणी, आणि दुरुस्ती होईपर्यंत कंपनीची अडवून ठेवायची रक्कम, या दोन गोष्टी करारात आकड्यांनिशी हव्यात.

‘पडला तर कंपनी भरेल.’ मोठा पूर करारात सहसा अपरिहार्य आपत्तीत मोडतो, म्हणजे कंपनी सुटते. २०१९ ला राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. धोका पातळी ४३. अशा पुरात पियरच्या बुडातली माती वाहून खड्डा पडतो, आणि ओसरताना गाळ बसून तो झाकलाही जातो. पावसाळ्याआधी आणि नंतर नदीतळाची पातळी मोजून ठेवलेली नसेल, तर पूल पुरानं गेला की हयगयीनं, हे ठरवणार कशावरून? मोरबीचा झुलता पूल खासगी ताब्यात होता, महाडचा सावित्रीवरचा सरकारी; पडले दोन्ही. नदीतळाची मोजमापं कंपनीनं घ्यावीत, पण तपासायला बांधकाम खात्याचा स्वतःचा पूल अभियंता लागतोच, आणि त्याचा पगार त्या मजकुरात कुठंच धरलेला नसतो.